पाहुण्यांची माती

धाकटीला ऑफिसात सगळे 'मातीवाल्या बाई' म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. अ‍ॅल्युमिनियम बॉक्साइटपासून काढतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण बॉक्साइट सगळ्यांच्याच नशिबात नसतं. पांढरी चिकणमाती मात्र पुष्कळ ठिकाणी सापडते आणि तिच्या पोटातही अ‍ॅल्युमिनियम असतंच, फक्त ते तिच्याकडून सोडवून घेणं महाजिकिरीचं. ही भूगर्भतज्ज्ञ बाई नोकरीला लागल्यापासून त्याच एका नादाला लागली होती. केस पिकले तरी नाद सुटला नव्हता. जिथं तिथं माती तपासावी, तर कुठे लोखंड जास्त, कुठे वाळूच वाळू, कुठे थर असा पातळ की खणायला लागेपर्यंत संपलेला. शेवटी मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं, की एक तरी जागा दाखवा, नाहीतर तुमचं खातं बंद करतो आणि तुम्हाला सिमेंटवाल्यांकडे बसवतो.

तेव्हा तिला माहेरची खाण आठवली. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

माहेरी मातीच्या भांड्यांचं काम होतं. वडिलांमागे चाक दादानं चालवलं, भट्टी दादानं सांभाळली, आणि धाकटी शिकायला गेली ती गेलीच. घरामागच्या टेकडीच्या पोटात पांढरी माती होती. तिच्यावरच दादाच्या बरण्या, कुंड्या आणि कपबश्या चालत.

धाकटीनं माणसं लावून टेकडीवर ठिकठिकाणी भोकं पाडून घेतली, नमुने पिशव्यांत भरून घेतले, प्रत्येक पिशवीला चिठ्ठी बांधली. माती बोटांत घेऊन बघणार तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. "पिशव्या नीट ठेव रे दादा, गाडी येईल न्यायला," असं सांगून ती निघून गेली. गाडी आली, पिशव्या ऑफिसात पोचल्या. तिनं एक उघडून चिमूटभर माती बोटांत चोळली. मऊ, लोण्यासारखी, खड्याचा मागमूस नाही. लहानपणी मांडीवर गोळा घेऊन बाहुल्या करायची ती हीच माती. तिला मनापासून बरं वाटलं आणि नमुने प्रयोगशाळेत गेले.

आकडे आले तेव्हा मोठे साहेब स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आले. इतकी उत्तम माती त्यांच्या पाहण्यात नव्हती. अहवाल लिहा म्हणाले, शोधावर नाव तुमचंच लागेल म्हणाले. धाकटीला रडू येईल की काय असं झालं.

मग ती दादाकडे टेकडी मागायला आली. मनात भीती होती, कारण खाण गेली की भट्टी गेली. पण दादानं हातातलं काम सोडून विचारलं, "तुला पाहिजे का?" ती हो म्हणाली. "मग घे," म्हणाला आणि परत चाकाकडे वळला. त्या आठवड्यात त्यानं नवी कामं घेणं बंद केलं. भावानं किती सहज दिलं याचं धाकटीला नवल वाटलं, पण खोटं कशाला बोला, त्याहून जास्त हायसं वाटलं.

आज ती यंत्रांना रस्ता कुठून द्यायचा ते बघायला आली होती. अहवालावर सही तेवढी राहिली होती. वहिनीनं अंगणात खुर्ची टाकली, चहा आणला आणि गप्पा मारत समोरच टेकली. माती निवळवायच्या हौदाशेजारी वाळूचा एक नवाच ढीग होता, खड्यांनी भरलेला.

"हे कशाचं काढलंत एवढं?" धाकटीनं सहज विचारलं.

"अहो वन्सं, तुमच्याच पिशव्यांतलं ते!" वहिनी अभिमानानं म्हणाली. "केवढी घाण निघाली! हे म्हणाले, आपली माती मोठ्या लोकांसमोर जाणार आहे, तशीच कशी पाठवायची? मग बसले. एकेक पिशवी वेगळी भिजवली, कालवली, फडक्यातून गाळली, निवळू दिली, वाळवली. एकीची माती दुसरीत जाऊ दिली नाही हो! चिठ्ठ्यासुद्धा ज्या त्या पिशवीला परत बांधल्या."

धाकटीच्या हातातला कप तसाच राहिला. मातीतली वाळू काढून टाकली की उरलेल्या मातीतला अ‍ॅल्युमिनियमचा आकडा चढणारच. टेकडी होती तशीच होती. नमुन्यांतला निम्मा भाग तर वाळू होऊन तिच्या डोळ्यांसमोर पडला होता.

"वहिनी, काय केलंत हे!" ती ओरडली. "विचारायचं तरी होतं!"

वहिनीचा चेहरा एवढासा झाला. "धुतलेलीच देतो ना आपण... काय चुकलं?"

काय चुकलं ते धाकटीला बोलता बोलताच उमगलं आणि तिचा राग तिच्यावरच उलटला. दुसऱ्या कुठल्या टेकडीची माती अशी मऊ लागली असती तर तिनं तिथल्या तिथे पिशवी परत पाठवली असती. जमिनीतली माती इतकी स्वच्छ नसते, हे ती नव्या लोकांना शिकवायची. पण ही घरची माती होती आणि घरात तिनं कधी न धुतलेली माती हातात धरलीच नव्हती. ज्या बोटांवर सगळ्यांनी विश्वास ठेवला, ती बोटंच माहेरवाशीण निघाली.

तिनं फोन काढला आणि तिथूनच साहेबांना सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

साहेबांनी एक वाट काढून बघितली. "धुऊनच घेतली तर?"

"एवढ्या टेकडीला पाणी कुठून आणायचं साहेब? आणि निघेल त्या वाळूचं काय करायचं? नाही परवडणार."

"बाई, खातं बंद होईल, कळतंय ना?"

"कळतंय."

"खणायच्या आधी सांगितलंत ते बरं केलंत," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

दादा कामाच्या खोलीच्या दारात उभा होता. सगळं त्याच्या कानावर गेलं होतं. तो येऊन जमिनीवरच बसला. वहिनी पदरानं डोळे पुसत होती.

"म्हणजे नाव लागणार नाही तुझं?" त्यानं विचारलं.

"नाही. पण तुझी खाण वाचली, दादा."

दादाच्या चेहऱ्यावर आनंद शोधून सापडेना. "तेवढं एक तुझं व्हायला हवं होतं गं," तो म्हणाला.

"अरे, पण भट्टी बंद झाली असती! काय केलं असतंस तू? दुसरं येतंय काय तुला?"

"काही येत नाही." दादा हसला. "बघितलं असतं काहीतरी. चाक माझ्याकडे आलं, भट्टी आली, घर आलं. तू कधी हूं की चूं केलं नाहीस. जन्मात पहिल्यांदा या घरातलं काही मागितलंस. नाही कसं म्हणू?"

धाकटीची अर्ध्या आयुष्याची मेहनत आत्ताच हातची गेली होती, त्याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठी लाज वाटली ती ही, की मागताना तिनं भावाला एकदाही विचारलं नव्हतं, तुझं काय होईल म्हणून.

ती उठली आणि दादाच्या शेजारी जमिनीवर बसली. नवी कामं कुणाकुणाची नाकारलीस, असं तिनं विचारलं. तो आठवून आठवून सांगू लागला, आणि ती एकेकाला फोन लावू लागली.