राखाडी भिंतीवरची लाल दुलई

"गिझेला, ती दुलई आत घे बघू!" वेंदेलिन हिरवळीवरून ओरडला.

दुसऱ्या मजल्यावरच्या गिझेलानं ती लाल दुलई मुद्दाम जोरात झटकली. "रात्रभराचं पांघरूण सकाळी वाऱ्यावर टाकायचं नाही तर काय करायचं? तुझ्या फोटोत ही वस्ती बघावी तर वाटतं, इथं पटकीची साथ येऊन गेलीय!"

ओतिलियाला हसू आलं, पण ते दाबून ती नवऱ्याशेजारी कॅमेऱ्याची तिवई धरून उभी राहिली. पेत्रझाल्का वस्तीतल्या या सिमेंटच्या इमारतींचे फोटो काढण्यात वेंदेलिनचं आयुष्य गेलं होतं. त्याच्या फोटोत माणूस कधी नसे. धुक्याची सकाळ गाठायची, खिडक्यांतल्या लोकांना आत पिटाळायचं आणि भिंत एकटी पडली की फोटो घ्यायचा. ओतिलियालाही त्यानं असंच आत पिटाळलं होतं, लग्न झाल्यापासून.

उद्या या भिंतीवर थंडी अडवायला थर्माकोल चढणार होता, त्यावर पिस्ता रंग. परांची शेजारच्या दारापर्यंत आली होती. रहिवाशांच्या बैठकीत विरोधाचा हात एकट्या वेंदेलिनचा. ओतिलियानं होकार दिला होता. हिवाळ्यात गुडघे तिचे दुखायचे.

वेंदेलिन बराच वेळ कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्याखाली होता. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"धुकं फार आहे आज."

"धुकं रोजचंच आहे रे," ती हळूच म्हणाली.

वेंदेलिनच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या ऐन मधोमध, डाग वाढत चालला होता, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं. मग त्यानं फडकं तिच्यापुढे धरलं.

"तू बघ. कुठली तरी कड नीट दिसेपर्यंत हे चाक फिरव."

त्या फडक्याखाली ती पहिल्यांदाच शिरली. आत अंधार, आणि समोर काचेवर तिची इमारत उलटी. हिरवळ वर गेली होती, आकाश तळाशी साचलं होतं. खिडक्यांच्या रांगा पाण्यात सोडल्यासारख्या हलकेच खाली उतरत होत्या आणि छप्पर कुठंतरी धुक्यात विरघळलं होतं. इतकी वर्षं हा इथं येऊन राहत होता तर!

कड मात्र कुठंच सापडेना. राखाडीत राखाडी. दिसत होती ती फक्त लाल दुलई. तेवढ्यात तीही खिडकीत सरकू लागली.

ओतिलियानं डोकं बाहेर काढलं. "गिझेला, राहू दे! बाहेरच टाक!"

"आधी नवरा-बायको ठरवा काय ते!"

दुलई पुन्हा बाहेर आली. ओतिलियानं फडक्याखाली जाऊन चाक फिरवलं. दुलईवरची शिवण उमटली, मग खिडकीची चौकट, मग सगळी भिंत.

"जमलं," ती बाहेर येत म्हणाली. "पण दुलई राहू दे. तिच्यामुळेच भिंत दिसतेय."

वेंदेलिननं तोंड वाकडं केलं, पण नाही म्हणाला नाही. बोटांनी चाचपत त्यानं फिल्म बसवली.

"चार-पाच सेकंद लेन्स उघडी ठेवावी लागेल. खिडकीत कोणी नाही ना?"

ओतिलियानं वर पाहिलं. दुलईवर कोपरं टेकून गिझेला उभी होती. एका हातानं ती केस सारखे करत होती.

"कोणी नाही," ओतिलिया म्हणाली, आणि तिनं हातानंच वर खूण केली, हलू नकोस.