सासूबाईंच्या कवळीचे पैसे

माझ्या लेकीला, चिमणीला, उचलायला मी वाकले आणि नेमकी तेव्हाच तिने उडी मारली. तिचं टाळकं, माझा समोरचा दात. ती भोकाड पसरून रडली. जिभेला काहीतरी खरखरीत लागत होतं, पण मी आधी तिचं डोकं चाचपलं. डोक्याला काही झालं नव्हतं. दाताचा तुकडा मात्र तिच्या केसांत अडकला होता.

मी फ्रिज-टीव्हीच्या दुकानात हप्त्यांच्या काउंटरवर बसते. वस्तू आवडलीय पण खिशाचं काय, असा चेहरा घेऊन माणसं माझ्यासमोर येतात. मग मी हसायचं आणि म्हणायचं, "काळजी करू नका, बसवू आपण." निम्मं काम त्या हसण्यावरच होतं. दुसऱ्या दिवशी तोंडाशी रुमाल धरून बोलायला लागले, तर एका आजोबांनी विचारलं, "पोरी, सर्दी झालीय की व्याज लपवतेस?" सगळे हसले. मीही हसले, रुमालाच्या आत.

संध्याकाळी मॅनेजरने बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही, म्हणून जास्तच लागलं. "ताई, दात होईपर्यंत मागे गोडाऊनला बसा. गिऱ्हाईक तुमच्या तोंडाकडे बघत राहतं, कागदाकडे बघतच नाही." मागे बसलं की कमिशन नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुकानाजवळच्या दवाखान्यात रूट कॅनाल आणि कॅप आठवड्याभरात होणार होतं. आकडा ऐकून माझी दातखिळीच बसली. तिथल्या बाईंनी कॅल्क्युलेटर हळूच माझ्याकडे वळवला. "मॅडम, हप्त्याने करून देऊ ना. व्याज शून्य." वाक्य माझंच. मधला थांबाही माझाच. मी विचारलं, "आणि फाइल चार्ज?" तिचा चेहरा पडला. एका पाकीटमाराने दुसऱ्याचा हात धरावा, तसं वाटलं मला. घाईघाईने चप्पल घातली आणि बाहेर पडले.

जेवताना घरात दाताची सभा भरली. नवऱ्याने तो काम करतो त्या छापखान्यातल्या विम्याची चौकशी करून आणली होती. "दात विम्यात बसत नाहीत. शरीराच्या बाहेरची वस्तू असावी बहुधा." मग म्हणाला, "हप्त्याने करून टाक. भरू दोघं मिळून."

"आधीचे दोन चालू आहेत. तिसरा घेऊ नका असं मी लोकांना सांगते."

"लोकांना सांगतेस तेव्हा कमिशन कोण देतं?"

"तू गप्प जेव."

दातांच्या कॉलेजचंही बोलणं निघालं. तिथे खर्च अगदी कमी, पण शिकाऊ मुलं करतात आणि खेपा फार. "माझ्या दातावर हात साफ करणार ती पोरं," मी म्हटलं. तेवढ्यात सासूबाई उठल्या. दुधात बुडवलेला पाव तसाच ठेवून आत गेल्या आणि बटणांचा डबा घेऊन आल्या. शिंप्याकडची काजं-बटणं करून त्या कवळीसाठी साठवत होत्या. वरचे सगळे दात गेलेत त्यांचे.

"घे. माझी कवळी काय, पुढच्या वर्षी होईल. मला कुठे काउंटरवर बसायचंय?"

अशा वेळी माणूस नको म्हणतं. घ्यायचंच असलं तरी दोनदा नको म्हणतं, मग घेतं. मी एकदाही म्हटलं नाही. माझा हात पुढे गेला आणि डबा माझ्या मांडीवर आला. नवऱ्याने त्या हाताकडे बघितलं, मग उगाच उठून नळ घट्ट करून आला. नळ गळत नव्हता.

सुट्टीच्या दिवशी मी दवाखान्यात जायला निघाले. पर्समध्ये ते पैसे. स्वयंपाकघरात सासूबाई पावाच्या कडा कापून चिमणीला देत होत्या आणि मऊ भाग स्वतः खात होत्या. "आमचं दोघींचं छान जमतं," त्या म्हणाल्या. "हिचे यायला लागलेत, माझे गेलेत. वाटेत गाठ पडली."

चिमणी कड चघळत बसली होती. मी दारातून परत फिरले.

"आई, चला. कॉलेजला दाखवून येऊ."

"कोणाला?"

"दोघींना."

तिथे मोठ्या खोलीत खुर्च्यांच्या रांगाच रांगा, लवंगेच्या तेलाचा वास. आमच्या वाट्याला आलेली मुलगी माझा दात बघून म्हणाली, "ताई, खेपा होतील बऱ्याच. दोन महिने धरा." मग तिने सासूबाईंच्या तोंडात डोकावलं आणि तिचा चेहराच उजळला.

"आजी, वरची पूर्ण कवळी! हीच केस मला मिळत नाहीये. झाली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. फी मी भरते, रिक्षाचे पैसेही देते, फक्त मध्येच यायचं सोडू नका."

महिनाअखेरीला एक फ्रिज कमी पडत असला की माझा चेहरा अस्साच होतो.

"तू का भरशील? कमावतेस का?" सासूबाई म्हणाल्या. "माझे मी भरीन. तू फक्त नीट बसव, सुनेला बोलताना बाहेर पडायला नको."

मी पर्समधून त्यांचे पैसे काढून त्यांच्या हातात दिले. माझ्या दाताचे पगारातून भरले. तेवढे जमण्यासारखे होते.

मॅनेजरला सांगितलं तेव्हा तो चकित झाला. "दोन महिने? हप्त्याने आठवड्यात झालं असतं की. तुम्हीच सांगता ना लोकांना?" गोडाऊनमध्ये खोक्यांच्या मधे टेबल आहे, तिथे जाऊन बसले. तिथे रुमाल लागत नाही. पण एकटं बसलं की तो हात दिसतो, नको न म्हणता पुढे गेलेला.

पुढच्या खेपेला सासूबाईंचं माप घेतलं. मुलीने साच्यात गुलाबी लगदा भरून त्यांच्या टाळूला लावला आणि दाबून धरला. "आजी, अजिबात हलायचं नाही. बोलायचंही नाही."

मी पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभी होते. त्या बोलू शकत नव्हत्या. एवढी सोय मला पुन्हा मिळाली नसती.

"आई, त्या दिवशी मी एकदा तरी नको म्हणायला हवं होतं," मी म्हटलं. "तुमच्या तोंडचा घास होता तो. मला कळत होतं, तरी घेतला."

त्यांचे डोळे मोठे झाले. घशातून काहीतरी आवाज आला. मुलगी ओरडली, "आजी!" पण सासूबाईंनी तिचा हात बाजूला केला, साचा स्वतःच उपसून काढला आणि हनुवटीवर लगदा तसाच ठेवून म्हणाल्या, "तोंड बंद असताना सांगतेस होय गं?"

मी खाली बघितलं.

"मला वाटलंच होतं तू नको म्हणशील," त्या हळू म्हणाल्या. "म्हणूनच तर डबा आणला. नको म्हणाली असतीस तर परत नेऊन ठेवला असता. वर माझा मोठेपणाही झाला असता." ओठ पुसले. "तू घेतलास आणि रात्रभर माझा जीव त्या डब्यात अडकला. सुनेच्या तोंडापेक्षा मला माझी कवळी प्यारी. आता मी कोणाला सांगू?"

मुलगी वाकडा झालेला साचा उजेडात धरून बघत होती. "आजी, हे बिघडलं. परत घ्यावं लागेल."

"घे बाई," सासूबाई म्हणाल्या, आणि डोळे मिटून त्यांनी तोंड उघडलं.