नोरीनची पुटपुट

नोरीन हॅचरला स्वतःला शिव्या घालायची सवय होती. चहा उतू गेला की "गाढव", फाटकाची कडी लावायची राहिली की "तुझ्या हातून कधी काही धड झालंय का?" दुसऱ्या कुणी तिला असं बोललं असतं तर अख्खं गुंडारी गाव त्याच्या अंगावर धावून गेलं असतं. पण हा घरचाच आहेर, त्याला कोण अडवणार?

या वर्षी मात्र ही सवय तिच्या मुळावर आली. शेजारच्या म्हाताऱ्या क्लॅरी डॉड्सचे गुडघे गेले, तेव्हा त्याने आपली मेंढ्या राखणाऱ्या केल्पी जातीची तरणी कुत्री, पिप, नोरीनच्या हवाली केली. अट एकच घातली. गावच्या जत्रेत मेंढ्या हाकायची स्पर्धा होते, तिथे पिपकडून ठरल्या वेळात तीन मेंढ्या कुंपणाच्या वाडग्यात कोंडून दाखवायच्या. जमलं तर कुत्री नोरीनची. नाही तर क्लॅरीचा भाचा डॅरल तिला उत्तरेकडे गुरांच्या कामाला घेऊन जाणार. नवऱ्यामागे नोरीनचं घर फार गप्प झालं होतं, आणि पिप आल्यापासून ती पुन्हा सकाळची लवकर उठू लागली होती. ही कुत्री गेली तर आपण कशासाठी उठायचं, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

सरावात पिप सुरुवात झकास करायची. लांबून वळसा घालून मेंढ्या आणायची, आणि मग मधेच, काही कारण नसताना, पोट जमिनीला टेकवून बसून राहायची. मेंढ्या मोकळ्या सुटायच्या. नोरीनने हात टेकले.

एके दिवशी कुंपणाला रेलून बघत असलेला क्लॅरी म्हणाला, "काय गं, त्या कुत्रीला एवढ्या शिव्या का घालतेस?"

"मी? तिला एक शब्द बोलले नाही."

"आत्ता म्हणालीस की. 'मूर्ख, सगळं घालवलंस.' मला इथे ऐकू आलं, आणि माझा एक कान कामातून गेलाय."

"ते मी मला म्हणत होते, क्लॅरी."

"बरं. पण ते तिला कोण सांगणार?"

नोरीनने वळून पिपकडे पाहिलं. माळावर ती आणि कुत्री दोघीच. चिडका आवाज कानावर पडला, तर तो आपल्यासाठीच आहे असं कुत्रीला वाटणार नाही तर काय! गेले कित्येक आठवडे ते बिचारं जनावर दुसऱ्याच्या वाटच्या शिव्या मुकाट्याने खात होतं.

तिने तोंड बंद ठेवायचं ठरवलं. नाही जमलं. शिव्या घशात अडकायच्या, खांदे आखडायचे, आणि पिप ते खांदे वाचून बसकण मारायची. मग तिने गोड बोलून पाहिलं. "वा नोरीन, तुझ्यासारखी तूच!" पिपने मान वाकडी करून तिच्याकडे असं संशयाने पाहिलं, की नोरीनलाच हसू फुटलं. तिलाही ते पटलेलं नव्हतं, मग कुत्रीला कुठून पटणार?

शेवटी तिने ठरवलं, जे खरं आहे तेवढंच बोलायचं आणि पुढचं काम सांगायचं. चहा उतू गेला? "चहा सांडला. फडकं घे." फाटक उघडं राहिलं? "उघडं राहिलं. जा, लाव." पहिले काही दिवस जीभ हटकून जुन्या वळणावर जायची. ती थांबायची, वाक्य अर्ध्यावर तोडायची आणि दुसरं म्हणायची, भर दुकानात, लोक वळून बघत असले तरी. एवढी वर्षं शिव्यांचा रियाज केला, आता याचाही करू, म्हणाली. मोठी हट्टी बाई.

जत्रेच्या दिवशी मेंढ्या वाट्याला आल्या त्याही नाठाळ. पिपने त्या तरीही सरळ रेषेत आणल्या, मैदानात उभारलेल्या अरुंद बोळातून काढल्या. त्यापुढच्या लाकडी पुलावर मात्र एक मेंढी उडी मारून पळाली. कुंपणाकडचे लोक हळहळले. नोरीनच्या तोंडात "मूर्ख" आलंच होतं. पिपचे कान मागे गेले. नोरीनने तो शब्द गिळला.

"मेंढी पळाली," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "मेंढ्या पळतातच. जा पिप, आण."

पिप वाऱ्यासारखी सुटली. मेंढी परत आली, तिन्ही मेंढ्या पूल ओलांडून वाडग्याशी पोचल्या. एक आत गेली, दुसरी गेली. तिसरी दारात पाय रोवून उभी राहिली. पिप इंच इंच पुढे सरकत होती, नोरीन दार धरून उभी होती, आणि तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली.

टाळ्या पडल्या, पण तिसरी मेंढी बाहेरच होती. अट अट होती. डॅरलने गाडीच्या मागचा पिंजरा उघडून आत पाण्याचं भांडंही ठेवलं होतं. नोरीनने पिपला दोरी लावली आणि क्लॅरीसमोर येऊन उभी राहिली. त्याने दोरीसाठी हात पुढे केला.

"एक मेंढी राहिली," ती म्हणाली.

"हो. वाईट वाटलं गं."

"मलाही वाटलं. पण ही कुत्री माझ्या हाताखाली कशी चालते ते तू पाहिलंस. मी चांगली हाकते, क्लॅरी. पुढच्या वर्षी तिसरीही आत घालेन. मी हिला देणार नाही."

आपल्याच तोंडून "मी चांगली हाकते" ऐकताना तिचे कान तापले, पण तिने शब्द मागे घेतला नाही. पिप तिच्या पायाशी शांत बसली होती. क्लॅरीने दोघींकडे पाहिलं. मग त्याने पुढे केलेला हात मागे घेऊन खिशात घातला.

"डॅरलने सहा तास गाडी हाणलीय," तो म्हणाला. "त्याला मी नाही बाबा सांगणार. तू सांग."

नोरीनने दोरी मनगटाला गुंडाळली आणि ती थेट गाडीकडे चालत गेली.

"ते पाणी ओतून टाक, डॅरल," ती म्हणाली. "माझी कुत्री येत नाहीये."