तापलेल्या रुळांचं वाक्य

किशनरावांना यात काय मिळायचं होतं, ते आधी पाहू. फी ते घेत नसत. इंग्रजीचे निवृत्त मास्तर, हैदराबादेत विद्यानगरला घर, दर रविवारी बैठकीत पोरांचे इंग्रजी निबंध तपासायचे. पण यंदा शिष्यवृत्तीसाठी विवेकचा निबंध आला होता. विवेकचे आजोबा मराठी वाचनालयाचे अध्यक्ष, आणि ते आता खुर्ची सोडणार होते. नातवाचं काम झालं की खुर्ची कुणाकडे सरकेल, हे किशनरावांना बरोबर ठाऊक होतं.

त्याच शिष्यवृत्तीसाठी सुमेधाही लिहीत होती. तिचे वडील नागसेन सिकंदराबादला रेल्वेत, रुळांच्या दुरुस्तीवर. तिनं लिहिलं होतं : बाबांचे हात घरी येतात तेव्हा रुळांसारखे तापलेले असतात, जेवायला बसल्यावर हळूहळू निवतात.

किशनरावांनी त्यावर लाल रेघ मारली. "उपमा बेढब आहे, बेटा. वडिलांना दीपस्तंभ म्हण."

"सर, हैदराबादेत समुद्र कुठंय?"

ते हसले नाहीत. पण वाक्य डोक्यातून जाईना. विवेकचा निबंध अगदीच कोरडा होता, त्यात त्यांनी ते बसवून दिलं. आजोबांचे हात कोर्टातून येताना रुळांसारखे तापलेले! जन्मभर पंख्याखाली वकिली केलेला माणूस. विवेकनं परत न वाचताच निबंध पाठवला. सुमेधानं दीपस्तंभ काढून आपलं वाक्य पुन्हा घातलं आणि चार दिवसांनी पाठवला.

विवेकचा आधी पोचलेला, म्हणून नकलेचा ठपका सुमेधावर आला. तीन दिवसांत खुलासा, नाहीतर नाव बाद.

सुमेधा आली ती उभीच राहिली. "सर, माझा कच्चा कागद तुमच्या फायलीत आहे. तो द्या. आणि वाक्य तिकडं कसं गेलं, ते लिहून द्या."

"विवेकचं काय होईल, कळतंय का तुला?"

"माझं काय होतंय, ते कळतंय."

कागद निघाला. निळ्या शाईत तिचं वाक्य, त्यावर त्यांची लाल रेघ, खाली त्यांच्याच हातची तारीख. किशनरावांनी पत्र लिहिलं : ते वाक्य मी नजरचुकीने दुसऱ्या निबंधात घातले. सुमेधानं वाचलं, टेबलावरचं लाल पेन उचललं आणि एक शब्द खोडला.

"सर, नजरचूक नव्हती."

त्यांनी तो शब्द गाळून पत्र पुन्हा लिहिलं, सही केली.

सुमेधाचं नाव मुलाखतीच्या यादीत परत लागलं. वाचनालयाच्या खुर्चीवर दुसरेच गृहस्थ बसले. विवेकचा अर्ज बाद झाला. तो एकदा जिन्यात भेटला आणि एवढंच म्हणाला, "अंकल, मेरेकू पूछना तो था."



तर हिशेब असा. किशनरावांची खुर्ची गेली. ती त्यांनीच पणाला लावलेली होती. सुमेधाला तिचंच वाक्य परत मिळालं, ती मिळकत धरायची नाही. वर्ष गेलं ते विवेकचं, आणि ते वाक्य त्यानं मागितलंही नव्हतं.