दाराची कुरकुर

फळाची अपेक्षा न धरता कर्म करणं, हेच मनुष्यजन्माचं सार्थक! निवृत्तीनंतर महिनाभरात मला हे उमगलं आणि मी इमारतीच्या कुरकुरणाऱ्या दाराला गुपचूप तेल घालू लागलो.

दार मुकाट झालं. तळमजल्यावरचं तान्हं बाळ दुपारभर झोपू लागलं. बाळाच्या आईने आभार मात्र वरच्या शिंप्याचे मानले. तेलाची कुपी त्याच्याचकडे असते ना!

बायको म्हणाली, “फळ नको होतं ना? मग तोंड का पाडलंय?”

सगळं सांगून टाकायला मी खाली गेलो. बाळ गाढ झोपलं होतं. मी समाधानाने गप्प बसलो.

संध्याकाळी शिंपी आला. “काका, तुमचं गुपित फोडणार नाही. पण माझी कुपी तेवढी परत करा, मशीन कुरकुरतंय.”