मागच्या काचेवरचं नाव

“नखं बघ, नखं! कालच रंगवून आणलीस. ठेव ते पातं खाली!”

“नखं गेली खड्ड्यात! आधी हे नाव निघालं पाहिजे.”

“अगं, चार वाजता फोटो आहेत. केस व्हायचेत, ड्रेसला इस्त्री व्हायचीय…”

“मग तू कशाला लावलंस ते? मला एका शब्दानं विचारलंस?”

“शकुन म्हणून लावलं गं!”

“शकुन! आई, परीक्षेच्या दारात सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी अजून अर्जसुद्धा केलेला नाही!”

“काचेतल्या तारा तेवढ्या जपा,” असं पुढून वेंडेल म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

ज्या काचेला हे पातं टेकलंय ती काच माझी आहे. भांडण मायलेकींचं आणि सालटी निघणार माझी. तेव्हा मध्ये तोंड घालायचा हक्क मला आहे. नसता तरी मी घातलंच असतं.

मी हाल्वरसनांची गाडी. लांबोडकी, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली, निळी. म्हणजे निळी होते. इथे विस्कॉन्सिनात हिवाळाभर रस्त्यावर मीठ ओततात, त्यानं माझ्या दारांच्या खालच्या कडा पार खाऊन टाकल्यात. वय अठरा. गाडीचं अठरा म्हणजे बाईमाणसाचं पंचाऐंशी धरा. पण दोन लाख चौदा हजार मैल झालेत आणि उणे वीसमध्येही मी पहिल्या किल्लीला उठते. शेजारची नवी चकचकीत बया उठते का विचारा.

शिकले ते सगळं माझं मी. रस्त्यावरच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले, रेडिओ ऐकत राजकारण शिकले, आणि शाळा सुटायच्या वेळी बाहेरच्या रांगेत उभी राहून माणसं शिकले. त्या रांगेत जे कळतं ते कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत.

माझी पहिली मालकीण मिसेस लिंडक्विस्ट. पियानो शिकवायची. रविवारी चर्च, शुक्रवारी तळलेला मासा, बास. तीन वर्षांत तिनं मला कधी चाळीसच्या वर पळवलं नाही. जगात दोनच रस्ते आहेत, असं मला खरोखर वाटायचं. मग तिची नजर गेली आणि एका सकाळी कॉलीन हाल्वरसन आली, कडेवर दोन वर्षांची पोर घेऊन. त्या पोरीनं मला बघितलं, आत शिरली आणि हातातला चीजचा तुकडा सीटच्या फटीत कोंबला. तो तुकडा अजून तिथेच आहे. अख्ख्या घरात कुणाला पत्ता नाही.

ती पोर म्हणजे आनिका. आता सतरा वर्षांची, अकरावीत, मघापासून माझ्या पोटात गुडघ्यांवर बसून काच खरवडणारी.

या घरच्या माणसांचं एक सांगते. जेवायच्या टेबलाशी समोरासमोर बसली की ही हवामानावर बोलतात. बर्फ किती पडेल, सरोवर कधी वितळेल. खरं काय ते माझ्यात बसल्यावर बोलतात, कारण दोघंही समोर बघत असतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आनिकाला शाळेत कोण छळतं ते मला आधी कळलं. तिनं बॅंडमधला ट्रॉम्बोन सोडायचं ठरवलं आणि पुन्हा धरायचं ठरवलं, तेही माझ्यातच.

तिच्या बापानं, वेंडेलनं, तिला माझ्यावर गाडी शिकवली. तो काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो, त्यामुळे त्याला वाटतं की घसरणं हाही शिक्षणाचा भाग आहे. चर्चमागच्या बर्फाळ पटांगणात त्यानं तिला मुद्दाम गरागरा फिरू दिलं. माझी आतडी तोंडाशी आली, पण पोर हसत होती. कॉलीन शेजारी बसली की निराळी तऱ्हा. तिच्या बाजूला ब्रेक नाही, तरी दाबून दाबून तिनं तिथलं पायपुसणं झिजवलंय.

या वर्षी मात्र घराला अकरावी लागली. शरदात आनिकानं कसलीशी सराव परीक्षा दिली, त्यात आपला पत्ता लिहिला आणि देशभरच्या कॉलेजांची पत्रकं आमच्या टपालपेटीवर कोसळली. प्रत्येकावर तेच चित्र. एक झाड, त्याखाली तीन मुलं, आणि तिघंही काय झालंय कोण जाणे, पण हसतायत. कॉलीन ती रंगांप्रमाणे लावून ठेवायची. वेंडेलनं त्यातली पाच-सहा माझ्या तेलगळतीखाली अंथरली. मी वाचली ती. भोजनगृहाची स्तुती फार होती, अभ्यासाची कमी.

मार्चच्या सुट्टीत कॉलीन आनिकाला घेऊन कॉलेजं बघायला निघाली. तीन दिवस, तीन कॉलेजं, मागे सॅंडविचांची पिशवी. पहिलं बघून आल्यावर आनिका पन्नास मैल हसत होती. तिथला दाखवणारा मुलगा उलट्या पावलांनी चालत बोलायचा आणि बोलता बोलता कारंज्यात बसला म्हणे. दुसरं बघून ती चिडली. “आई, तू त्याला धुलाईयंत्रांबद्दल चार प्रश्न विचारलेस. चार!”

“मग? धुवायला कपडे इकडे पाठवणार आहेस का?”

तिसरं होतं थॉर्नडाइक, कॉलीनचं स्वतःचं कॉलेज, सरोवराच्या त्या टोकाला. जाताना तिनं आपली गोष्ट पुन्हा सांगितली. ती मी किमान चाळीस वेळा ऐकली असेल. पत्र आलं, बॅग भरली, निघाले! सांगताना तिचा चेहरा त्या पत्रकातल्या तिघांसारखा होतो.

परतताना आनिका साठ मैल गप्प. ना थट्टा, ना राग. कॉलीननं शेवटी न राहवून विचारलं, “काय गं? कसं वाटलं?”

“छान आहे,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

कॉलीननं हे ‘छान’ होकारात जमा केलं. मला कळलं होतं की गोष्ट इतकी सोपी नाही. ज्याची थट्टा करवत नाही तेच माणसाला हवं असतं, आणि हवं असतं म्हणून त्याचं नाव काढवत नाही. पण मला विचारतो कोण? मला फक्त तेल विचारतात.

त्या दिवशी कॉलेजच्या दुकानातून कॉलीननं एक कप, एक टोपी आणि एक स्टिकर घेतला. काचेला आतून चिकटवायचा, पांढऱ्या अक्षरांत ‘थॉर्नडाइक’. तो तिनं माझ्या पुढच्या खणात, टायरच्या कागदांखाली लपवला. दीड महिना मी तो पोटाशी धरून होते. उन्हाळ्याआधी शहाणपण सुचेल, अशी आशा होती.

कारण आमच्याकडे मागच्या काचेवरचं नाव म्हणजे जाहीरनामा असतो. कॉलेजनं हो म्हटलं, घरानं हो म्हटलं, मग बारावीच्या मे महिन्यात ते नाव लागतं. दुकानापुढे गाड्या लावताना लोक एकमेकांच्या काचा वाचतात. त्याआधी लावणं म्हणजे लग्न ठरायच्या आत पत्रिका वाटणं. कॉलीनला हे माहीत नव्हतं का? गेल्याच वर्षी दोन घरं पलीकडच्या बाईंनी असं केलं, तर हिनंच फोनवर अर्धा तास तोंडसुख घेतलं होतं.

पण आजचा शनिवार भलताच आला. सकाळी कॉलेजप्रवेशाची परीक्षा, संध्याकाळी प्रॉम, म्हणजे शाळेचा मोठा नाच. दोन्ही एकाच दिवशी घालणाऱ्याला मुलं नसावीत. पहाटे पाचला कॉलीन झगा सावरत बाहेर आली, खण उघडला, स्टिकर काढला आणि माझ्या मागच्या काचेला आतून लावला. डाव्या कोपऱ्यात, दव उडवायच्या तारांवरच. मग तिथं तळहात ठेवून ती थोडा वेळ थांबली. काहीतरी पुटपुटली. प्रार्थना असावी. नंतर फुगा येऊ नये म्हणून क्रेडिट कार्डानं तो नीट दाबला.

आनिकाला काही दिसलं नाही. घाईत लॅपटॉप, चार्जर, केळं घेऊन ती निघाली. परीक्षा वीस मैलांवरच्या शाळेत. तिथे उभी राहिले, पाठ सगळ्या मैदानाकडे करून, आणि झालं.

“ए हाल्वरसन! थॉर्नडाइक? इतक्यात?”

“अभिनंदन गं! सांगितलं नाहीस!”

“मग परीक्षा कशाला देतेस, घरी झोप की!”

पोर वळली, माझ्या मागे आली आणि तिनं ते नाव वाचलं. तिचं तोंड पांढरं झालं. नखानं काढायला बघितलं, निघेना, तेवढ्यात दारं बंद व्हायची वेळ झाली. ती तशीच आत गेली. मी चार तास ते नाव पाठीवर घेऊन उन्हात उभी होते. एवढी लाज मला हरणाला धडकून एक दिवा फुटला तेव्हासुद्धा वाटली नव्हती.

परत येताना तिनं रेडिओ लावला नाही. घरापुढे वेंडेल बादली-स्पंज घेऊन तयारच होता, कारण संध्याकाळी तिला माझ्यातून जायचं होतं. तिनं किल्ली काढली, गॅरेजातून रंग खरवडायचं पातं आणलं आणि माझ्या मागच्या बाजूनं आत चढली. मग कॉलीन धावत आली, आणि पुढचं तुम्ही ऐकलंतच.

आता आईबापांनो, म्हातारीचं दोन मिनिटं ऐका. वेंडेल म्हणतो माझा अजून एक हिवाळा आहे, फार तर दोन. पोर कुठे गेली तर तिच्या उशा, दिवा आणि ट्रॉम्बोन पोचवून येण्याइतकी ताकद माझ्यात आहे, आणि ते काम मी कुणाला देणार नाही. पण मला भिंत समजू नका. तुमच्या छातीत जे धडधडतंय ते पोराच्या आधी माझ्या काचेवर लावू नका. धडधडत असेल तर माझ्यात येऊन बसा, दोघं समोर बघा आणि तोंडानं सांगा. पेट्रोल जळू दे थोडं.

तर, काचेपाशी भांडण अजून थांबलेलं नाही. ‘थॉर्नडाइक’मधलं शेवटचं अक्षर गेलंय, आणि त्याबरोबर माझी एक तार. गरम पाण्यानं सुटतं म्हणून वेंडेल पाणी आणायला आत गेलाय.

“तुला माझं कॉलेज आवडलं नाही तर तसं सरळ सांगायचं होतं!” कॉलीन ओरडते. “छान आहे कशाला म्हणालीस? मी काय खाल्लं असतं तुला?”

पातं थांबतं.

“आवडलं नाही असं कोण म्हणालं?”

“म्हणजे?”

“मला तिथेच जायचंय, आई. दुसरीकडे कुठेच नाही. त्यांच्या तळघरात तो हौद होता ना, सरोवरातल्या माशांचा? तू तिथेही धुलाईयंत्रांचं विचारत होतीस तेव्हा मी त्या हौदापाशी उभी होते. त्यांची स्वतःची बोट आहे. दुसऱ्या वर्षापासून मुलांना नेतात.” तिचा आवाज आता बारीक होतो. “आणि मला ते मिळणार नाही. आज पहिला उतारा चार वेळा वाचला, एक ओळ डोक्यात शिरली नाही. सगळा वेळ हे नाव दिसत होतं. आता उद्या चर्चमध्ये लोक विचारणार, दुकानात विचारणार, आणि पुढच्या वर्षी नाही म्हणाले की सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी हे खरवडू? त्यापेक्षा मी अर्जच करत नाही. ठरलं.”

“अर्जच करत नाही? वेडी आहेस का?”

“तुला काय कळणार! पत्र आलं, बॅग भरली, निघाले! तुझं सगळं पहिल्या फटक्यात!”

कॉलीन लेकीला पाय बाहेर सोडून बसायची खूण करते. मग माझ्या मागच्या कडेवर बसते, लेकीच्या शेजारी. दोघींचे पाय बाहेर लोंबतायत, दोघी समोर रस्त्याकडे बघतायत. ती आनिकाच्या हातातलं पातं हळूच काढून घेते, नखं बघते. एकाचा रंग उडालाय. त्यावरून अंगठा फिरवते.

वेंडेल वाफाळती बादली घेऊन परत आलाय आणि माझ्या पुढच्या चाकाशी थबकलाय. त्या दोघींची त्याच्याकडे पाठ आहे. मी त्याला सांगणार तरी कसं, की बाबा रे, दोन पावलं मागे हो?

“मला त्यांनी पहिल्यांदा नाहीच म्हटलं होतं, आनिका,” कॉलीन म्हणते, “मग वर्षभर मटाराच्या कारखान्यात डबे भरले आणि पुन्हा अर्ज केला, आणि हे तुझ्या बाबालासुद्धा अजून माहीत नाही.”