कुपीवरचं नाव

शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर झाउरेने सोमवारच्या तासासाठी सफरचंदाचा वास तयार करायला घेतला. तलगार गावातल्या शाळेत ती तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होती. आम्लाची बाटली उघडताच, गेलेला नवरा हिवाळ्यात घालायचा तसल्या घामेजल्या लोकरी नमद्याच्या बुटांची घाण सुटली. "अपाय, ही बाटली म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मोजे," असं चिडवून, तिला आदराने 'अपाय' म्हणजे 'बाई' म्हणणारी तरुण शिक्षिका मेरुएर्त नुकतीच घरी गेली होती.

झाउरेने आम्लात अल्कोहोल घातलं, गंधकाम्लाचे चार थेंब सोडले आणि नळी गरम पाण्यात धरली. घाण विरत गेली. खोलीभर सफरचंदं दरवळली, थेट नवऱ्याच्या बागेतली. बाग तोडून तिथे घरं उठली त्याआधीची.

तेव्हा कुठे तिला आजचा वार आठवला. शुक्रवारी गेलेल्या माणसांसाठी तेलात शेल्पेक, म्हणजे पातळ पोळ्या, तळायचे. वासाने ती येतात, मग दुआ त्यांच्या नावाने सोडली की आपला वाटा घेऊन परततात. घरात नाव दीर घ्यायचे. सुनेने सासरच्या कुणाचं नाव ओठांवर आणायचं नसतं, नवऱ्याचं तर नाहीच. गेल्या हिवाळ्यात दीरही गेले.

मागे खुर्ची सरकली. ओळखीचा खोकला आला, ताटकळलेल्या माणसाचा.

झाउरे वळली नाही. त्याला उपाशी कसं ठेवायचं? तिने दुआ पुटपुटली, पण नावापाशी जीभ अडली. मग कुपीवर चिठ्ठी चिकटवून, आधी अल्कोहोलचं आणि मागून आम्लाचं, असं रीतसर नाव तिने मोठ्याने वाचलं. आयसोअमाइल आयसोव्हॅलरेट. जणू तेवढ्यावर भागणार होतं.

खोकला पुन्हा आला, जरा जवळून.

तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "सागिंदिक."

पाच मुलींच्या पाठीवर झालेल्या मुलाला सासूने ठेवलेलं नाव. अर्थ एवढाच, की आम्ही तुझ्यासाठी झुरलो. तो अर्थ ध्यानात येईतो शब्द तोंडातून निसटला होता.

"अगं," मागून सावकाश उत्तर आलं, "असं म्हटल्यावर कुणी उठून जातं का?"

सोमवारी मेरुएर्तने कुपी हुंगली. "अपाय, हिला कसलाच वास नाही." मग नाक वर करून तिने विचारलं, "आणि इथे बूट कुणी वाळत घातलेत?"

 झाउरेने मागची रिकामी खुर्ची उचलून खिडकीशी, उन्हात नेऊन ठेवली.